वीस पोळ्यांचा एक अल्बम

आमच्या घरी किराण्याची एक डायरी आहे. पुढून उघडली तर तूरडाळ, शेंगदाणे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, दूधवाल्याचे खाडे. मागून उघडली तर नुसते आकडे. कुठल्या आकड्यापुढे बरोबरची खूण, कुठे फुली, तर एके ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'डोकं उठलं!' आमच्या कामवाल्या मावशींनी एकदा फडताळ पुसताना ती पानं बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, मटका लावता का हो?"

मैत्रिणींनो, मटका नाही. ते एका अमेरिकन गिटारवाल्याच्या अल्बमचे नंबर आहेत. हा माणूस डोक्यावर पालथी बादली घालतो, तोंडावर पांढरा मुखवटा लावतो, स्टेजवर चकार शब्द बोलत नाही आणि अल्बम इतके काढतो की ऐकणाऱ्याची दमछाक होते. नाव बकेटहेड. म्हणजे बादलीडोक्या! खरं नाव ब्रायन कॅरोल, जन्म १९६९ चा, कॅलिफोर्नियातला, डिस्नेलँडच्या आसपास वाढलेला.

आता तुम्ही म्हणाल, बी.ए. मराठी झालेल्या, भावगीतांवर वाढलेल्या बाईला ही कुठली अवदसा आठवली? मलाही आठवली नसती. ती आमच्या चिरंजीवांनी घरात आणली.

चार वर्षांपूर्वी तो बारावीत होता. त्याच वर्षी माझ्या सासूबाईंचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, आणि मग ते सहा-सात महिने सुरू झाले. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी एका गटाबरोबर रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांजवळ बसायला जाते, त्यांची कागदपत्रं, डबे, धीर असं काय काय बघते. दुसऱ्यांच्या घरातलं आजारपण मला कळतं असा माझा समज होता. स्वतःच्या घरात आलं तेव्हा मात्र मी सगळ्यांवर खेकसत होते. सगळ्यात जास्त मुलावर. कारण तो दिवसभर कानात त्या वायरी खुपसून बसलेला. हाक मारली तरी ओ नाही.

एक दिवस दुपारी मी लवकर घरी आले. बघते तर काय, आईंच्या खाटेवर हा मांडी घालून बसलाय. एक बोंडूक याच्या कानात, दुसरं आईंच्या. माझं डोकंच फिरलं. "अरे, त्यांना जरा पडू दे! तुझा तो धांगडधिंगा त्यांच्या कानात कशाला?"

आईंनी डोळे न उघडताच हात वर केला. म्हणाल्या, "राहू दे गं. तंबोरा लावून ठेवल्यासारखं वाटतंय. शब्द नाहीत ते बरं आहे. शब्द असले की लक्ष द्यावं लागतं."

मी गप्प स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. तो अल्बम कोणता, हे विचारायचंही मला सुचलं नाही. ते कळायला आणखी वर्ष गेलं.

आधी या माणसाची थोडी ओळख करून देते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बादलीवरच अडकले. त्याची हकीकत तो अशी सांगतो, की तरुणपणी 'हॅलोविन ४' नावाचा भीतीचा सिनेमा बघितला आणि लगेच जाऊन तसला पांढरा मुखवटा आणला. त्याच रात्री तळलेल्या कोंबडीचं पुठ्ठ्याचं मोठं डबडं खाऊन रिकामं झालं होतं, ते डोक्यावर ठेवलं, आरशात पाहिलं, आणि बकेटहेड जन्माला आला. स्वभावानं अतिशय लाजाळू. मुखवटा चढवला की मात्र तीच स्वारी स्टेजवर यंत्रमानवासारखी नाचते, साखळीच्या नानचाकूचे हात करून दाखवते, मधेच वाजवणं थांबवून पोरांना खेळणी वाटते. मुलाखत द्यायची वेळ आली तर हातात एक बाहुला घालून त्याच्याकडून बोलवून घेतो. आपल्याला कोंबड्यांनी खुराड्यात वाढवलं असंही सांगतो! हे ऐकून आई ऑपरेशननंतर पहिल्यांदा खळखळून हसल्या होत्या. "मग बादली कशाला? डोक्यावर तुरा लावायचा की," म्हणाल्या.

पण वाजवणं मात्र थट्टेचं नाही. त्याचा पहिला अल्बम 'बकेटहेडलँड' १९९२ साली जपानमध्ये निघाला. पुढे २००० ते २००४ तो 'गन्स अँड रोझेस' या बड्या रॉक बँडमध्ये होता. त्या बँडनं त्याच्यासाठी स्टुडिओत लाकूड आणि जाळीचं खरोखरचं खुराडं बांधून दिलं होतं, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. या बँडचा 'चायनीज डेमोक्रसी' नावाचा अल्बम दहा वर्षांहून जास्त रेंगाळला आणि शेवटी २००८ मध्ये बाहेर आला. बकेटहेडची गिटार त्यात आहे, पण तो स्वतः केव्हाच बाहेर पडला होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला राजा झालेला नट व्हिगो मॉर्टेन्सन, त्याच्याबरोबरही याचे अल्बम आहेत. आणि बकेटहेड या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून 'डेथ क्यूब के' असं दुसरं नाव घेऊन केलेले अल्बम वेगळेच. ही खास त्याची खोड. एका नावानं भागत नाही म्हणून दुसरं!

तर हा माणूस त्या दहा वर्षांच्या रेंगाळणाऱ्या घरातून बाहेर पडला आणि जणू उट्टं काढायला लागला. २००७ साली एकदम तेरा सीडींचा संच काढला, तोही हातानं चित्रं काढून, हातानं नंबर घालून. मग २०११ पासून 'पाइक' नावाची मालिका सुरू केली. एकेक पाइक साधारण अर्ध्या तासाचा. प्रत्येकाला नंबर. मुलांच्या चित्रकथांच्या पातळ पुस्तकांसारखा. आणि मग पूर आला. २०१३ मध्ये ३१ अल्बम. २०१४ मध्ये ६०. आणि २०१५ मध्ये, नीट वाचा, ११८!

मी हिशेब केला. एका वर्षात ११८ म्हणजे सरासरी तीन दिवसांना एक. आमच्याकडे तीन दिवसांना कोथिंबिरीची जुडी येते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर कहर. ३१ तारखेला त्यांच्याकडे तो भुताखेतांचा हॅलोविनचा सण असतो. त्याच्या आधी 'आता इतके दिवस राहिले' असं मोजत मोजत यानं महिनाभर रोज एक अल्बम काढला. रोज! आपण नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या जमवताना मेटाकुटीला येतो.

मुलगा आजीला हे सगळं सांगायचा. तिला 'पाइक' हा शब्द फार आवडला. "म्हणजे आपले तुकोबांचे पाईक का रे? विठोबाचे शिपाई?" तो म्हणाला, "नाही गं आजी, हे वेगळं." पण तिनं ते काही मानलं नाही. रोज दुपारी ती विचारायची, "आज कितवा पाईक आला ड्यूटीवर?"

आई गेल्या त्या फेब्रुवारीत. मुलाची परीक्षा चारच आठवड्यांवर होती. तो रडला नाही. जेवायचा, अभ्यासाला बसायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. मी लोकांच्या मुलांशी बोलायला शिकलेली बाई, माझ्या मुलाशी काय बोलावं ते मला कळेना. परीक्षा झाली, निकाल लागला, तो दुसऱ्या गावी इंजिनिअरिंगला निघून गेला. घरात राहिलो आम्ही दोघं आणि आईंची रिकामी खाट.

त्याची खोली आवरताना मला एका वहीच्या पाठीमागे यादी सापडली. नंबर, नावं, खुणा. वर लिहिलेलं, 'आजीबरोबर.' त्यात सगळ्यात जास्त वेळा खूण केलेलं नाव पाइकचं नव्हतंच. 'कोल्मा', १९९८.

त्या रात्री मी हा अल्बम पहिल्यांदा नीट ऐकला, आणि मग त्याची माहिती वाचत बसले. वाचून पोटात तुटलं. बकेटहेडच्या आईला आतड्याचा कॅन्सर झाला होता. आजारात पडल्या पडल्या तिला ऐकायला बरं वाटावं म्हणून त्यानं हा अल्बम केला. एरवी कानठळ्या बसवणारा हा माणूस, पण इथं बहुतेक सगळं शांत. साधी, विजेशिवायची गिटार पुढे, मागे हलकासा ताल. एका तुकड्याचं नावच 'आईसाठी' अशा अर्थाचं आहे. दुसऱ्याचं नाव 'बाबांबरोबर होड्या बघताना'. 'बिग सर मून' म्हणून एक छोटासा तुकडा आहे, पाण्यावर चांदणं हलावं तसे सूर एकमेकांच्या मागे पळतात. मुखवटा घातलेल्या माणसानं मुखवटा काढून वाजवल्यासारखं.

नाव मात्र चमत्कारिक. कोल्मा हे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेलं छोटं गाव. सॅन फ्रान्सिस्कोनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात दफन करायला बंदी घातली, मग जुन्या दफनभूमीही हलवायला लावल्या, आणि त्या सगळ्या या गावात आल्या. त्यामुळे तिथं जिवंत माणसं दीड हजाराच्या आसपास आणि जमिनीखाली पंधरा लाख. आजारी आईसाठी केलेल्या संगीताला असलं नाव द्यायचं? मला पटलं नाही. आपल्याकडे आजारी माणसासमोर 'तो' विषयही काढत नाहीत, दवाखान्यात मी रोज बघते. मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "आजीला माहीत होतं. मी सांगितलं होतं तिला कोल्मा म्हणजे काय ते. ती म्हणाली, बरं झालं, नाव तरी खरं दिलंय."

माझ्याशी त्या असं कधी बोलल्या नाहीत. मी बोलू दिलं नाही म्हणा. मी सारखी 'होईल हो सगळं बरं' म्हणत औषधांच्या वेळा बघत राहिले. दोघांनी खाटेवर बसून जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि मी त्याला धांगडधिंगा म्हणाले होते.

तेव्हापासून ती यादी मी माझ्या डायरीत उतरवून घेतली आणि पुढे चालवायला घेतली.

सुरुवातीला बाईमाणसाच्या शिस्तीनं एकपासून निघाले. ती चूक. एक तर नंबर क्रमानं बाहेरच येत नाहीत, मधलाच एखादा नंतर उगवतो. दुसरं म्हणजे कुठल्या नंबरात काय निघेल याचा नेम नाही. एकात घणाचे घाव, दुसऱ्यात सतारीसारखी मिंड, तिसऱ्यात अर्धा तास एकच लांबलचक तुकडा, चौथ्यात टीव्हीच्या कार्टूनसारखी उड्या मारणारी करामत. डाळीच्या डब्यात हात घालावा आणि कधी लवंग यावी, कधी खिळा!

हिशेब इथेही केला. नुसते तीनशे पाइक धरले (तो टप्पा केव्हाच मागे पडलाय) तरी अर्ध्या तासाप्रमाणे दीडशे तास होतात. न झोपता, न उठता ऐकले तर सहा दिवस आणि वर सहा तास. पाइकच्या आधीचे अल्बम, तेरांचा तो संच, दुसऱ्या नावाचे, इतरांबरोबरचे, ते निराळेच. एवढा वेळ आणायचा कुठून? मग लक्षात आलं की कणीक तिंबून पोळ्या होईपर्यंत मला बरोबर अर्धा तास लागतो. म्हणजे एका पाइकमध्ये वीस पोळ्या. दोन कामं एकात. फक्त घणाघाती नंबर लागला तर पोळ्या जाड होतात, हा स्वानुभव.

मला लहानपणीची आठवण झाली. आमचे वडील लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचे. झुंजार, काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. सगळी वाचली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि कोणती आधी कोणती नंतर हे वडिलांनी कधी पाहिलं नाही. लायब्ररीत जे असेल ते आणायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी परत. मग या बकेटहेडच्या बाबतीतच मी परीक्षेच्या अभ्यासक्रमासारखी 'पूर्ण करायचं' म्हणून का बसले होते?

खरं सांगायचं तर सगळंच काही चांगलं नाही. बरेचसे पाइक एकसारखे वाटतात. एखादी जागा ऐकून वाटतं, ही तर गेल्या आठवड्यात ऐकली. कालच्या भाजीचा मसाला आजच्या उसळीत. मुलाला हे सांगितलं की तो चिडतो. "आई, ती त्याची डायरी आहे. डायरीत रोज भारी कुठे असतं?" मला वाटतं, निवड करायला हवी होती. शंभरातले दहा निवडून दिले असते तर जगानं डोक्यावर घेतलं असतं. पण त्याच वेळी असंही वाटतं, की निवडत बसला असता तर 'चायनीज डेमोक्रसी'सारखी दहा-बारा वर्षं गेली असती. आमच्या गटातल्या एक बाई रोज चाळीस पेशंटना पेज करून नेतात. एखाद्या दिवशी ती आळणी होते. म्हणून पेज थांबवायची का?

२०१७ साली त्यानं एका मुलाखतीत, बाहुल्याशिवाय, स्वतःच्या तोंडानं सांगितलं की त्याच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली आहे. त्यावर उपचारही करून घ्यावे लागले. उद्याचा भरवसा नाही, म्हणून मनात आहे ते सगळं करून घ्यायचंय, अशा अर्थाचं तो बोलला. हे वाचून पुष्कळ जण म्हणाले, म्हणून एवढे अल्बम! मला हे उत्तर फार सोपं वाटतं. ११८ अल्बमांचं वर्ष त्या मुलाखतीच्या आधीचं आहे. २०१४ मध्ये 'होल्ड मी फॉरेव्हर' नावाचा एक पाइक आला, तो त्याच्या आईच्या स्मरणार्थ आहे. पुढच्याच वर्षी तो पूर. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण आई गेल्यावर आमच्या चाळीतल्या एक काकू वर्षभर स्वेटर विणत होत्या. कुणाच्या मापाचे, कुणासाठी, काही नाही. त्यांना कुणी 'एवढे कशाला' असं विचारलं नव्हतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांना सांगते, एक नंबरपासून अजिबात निघू नका. आधी 'कोल्मा'. मग २००२ चा 'इलेक्ट्रिक टिअर्स', तोही शांत, रात्री ऐकायचा. मग २००६ च्या 'क्राइम स्लंक सीन'मधलं 'सूथसेअर'. सूझी मावशीला, की आत्याला, अर्पण केलेलं आहे. इंग्रजीत आत्या-मावशी एकच, काय करणार! नऊ मिनिटांचं आहे, पहिल्यांदा हळू, मग असं चढत जातं की हातातली लाटणी थांबते. हे जमलं तर मग कुठलाही पाइक उचला. एकदम तीन-चार ऐकू नका, डोकं उठतं. डायरीत नोंद आहे.

परवा दवाखान्यात एक आजोबा होते. बायकोच्या शेजारी दिवसभर नुसते बसून. बोलायचं ते बोलून झालेलं, टीव्ही नको झालेला. मी माझा फोन काढला, 'कोल्मा' लावला आणि आवाज अगदी बारीक करून उशीशी ठेवला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी सांगितलं. बादलीचं सांगितलं, खुराड्याचंही सांगितलं. आजींना हसू आलं. कोल्मा म्हणजे काय, ते मात्र सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. अजून तरी विचारलेलं नाही, पण फोन मात्र रोज मागतात.

मुलाचा आठवड्यातून दोनतीनदा मेसेज येतो. 'कशी आहेस, जेवलीस का' वगैरे काही नसतं. नुसता आकडा असतो. मी तो नंबर ऐकते आणि बरोबर किंवा फुली पाठवते. फुली पाठवली की हमखास फोन येतो, भांडायला. कालही आला. अर्धा तास भांडला. शेवटी मी विचारलं, तू स्वतः ऐकलास का रे हा? तर म्हणे, "नाही, सबमिशन आहे. तू ऐकून सांग म्हणून तर पाठवला!"

सध्या मी त्याच्या तेरा पाइक पुढे आहे.